टकटक मावशी आणि सातवा रकाना

पोलीस चौकीसमोरच्या ओट्यावर, झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मधल्या साडेतीन फुटांत टकटक मावशीचं राज्य होतं. एक टेबल, एक टाइपरायटर, गिऱ्हाइकांसाठी एक बाक, आणि कोऱ्या सरकारी फॉर्मांचा गठ्ठा वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्यावर ठेवलेली बिघडलेली इस्त्री. बावीस वर्षं ती तिथे बसून लोकांच्या तक्रारी टाइप करत होती. सायकल चोरीला गेली, नळाला पाणी नाही, कुत्रं चावलं, नवऱ्याने मारलं, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, रकाने वेगळे, आणि मावशीला सगळे तोंडपाठ. चौकीत तक्रारीची खिडकी मात्र एकच. त्यामुळे सायकल, नळ, कुत्रं आणि नवरा एकाच रांगेत उभे असायचे.

मावशीला आपल्या भाषेचा भारी अभिमान. समोरची बाई रडत असली तरी मावशी आधी तिचं वाक्य सुधारायची.

"'त्याने मला धुतलं' असं लिहीत नाहीत गं. कपडे धुतात. तुला मारहाण केली."

बाई डोळे पुसत पुसत मान डोलवायची, आणि मावशीची बोटं टकटक सुरू व्हायची.

तिचा खास लाडका होता सातवा रकाना. नवऱ्याविरुद्धच्या फॉर्मात सातव्या नंबरला छापलेलं होतं, 'भांडणाचे कारण'. बहुतेक बायकांची गाडी नेमकी तिथेच अडायची.

"कारण काय असणार मावशी? तो घरी आला."

"असं नाही चालत. आठव बघू. काहीतरी झालंच असेल की."

मग बाई डोकं खाजवून आठवायची. चहा गार होता. चहा फार गरम होता. उलट उत्तर दिलं. उत्तरच दिलं नाही. मावशी त्याचं एक घोटीव वाक्य करायची. बावीस वर्षांत तिने सातवा रकाना एकदाही रिकामा सोडला नव्हता. संध्याकाळी घरी गेली की तिचा नवरा, घड्याळं दुरुस्त करणारा साधा माणूस, डोळ्यावरचं भिंग न काढता विचारायचा, "आज काय कारण?"

"उशी."

"उशी?"

"उशी चुकीच्या बाजूला ठेवली."

आणि दोघंही हसायची. त्यात वाईट हेतू नव्हता, पण हसायची हे खरं.

एके दिवशी भर दुपारी बेकरीवाली आली. नाक्यावरच्या बेकरीत ती पाव बांधून द्यायची. वर्षभरातली ही तिची तिसरी खेप. पहिल्यांदा सातव्या रकान्यात गेलं होतं शर्टाचं तुटलेलं बटण. दुसऱ्यांदा, 'दुकानात गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने हसली'. या वेळी मनगट प्लॅस्टरमध्ये होतं, आणि सोबत शाळेच्या कपड्यांतली सहा वर्षांची मुलगी होती. मुलगी बाकाखाली झोपलेल्या, ओट्यावरच राहणाऱ्या कुत्र्याशी खेळायला लागली.

मावशीने फॉर्म मशीनमध्ये चढवला तशी बेकरीवाली म्हणाली, "मावशी, या वेळी कारण जरा मोठं लिहा हं."

"मोठं म्हणजे?"

"लहान कारण असलं की घरी पाठवतात."

मावशीची बोटं थांबली. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं ते असं. खिडकीवरचा हवालदार बाकीचं काहीच वाचत नाही, सरळ सातव्या रकान्यावर बोट ठेवतो. बटण असेल तर कागद समझोत्याच्या ट्रेमध्ये. मग नवऱ्याला बोलावतात आणि सातवा रकाना मोठ्याने वाचून दाखवतात. नवरा म्हणतो, "बघा साहेब, बटण तुटलेलं होतं हे तिलाच कबूल आहे." सगळे हसतात. नवरा बायकोला घेऊन घरी जातो.

"आणि घरी गेल्यावर?"

बेकरीवालीने मुलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चौकीत गेल्याचा मार वेगळा. आज परत पाठवलं तर मावशी, मला नाही वाटत मी चौथ्यांदा येईन."

ते घोटीव वाक्य मावशीचं होतं. प्रत्येक उशी, प्रत्येक कप चहा तिने स्वतःच्या हाताने टाइप करून त्या नवऱ्यांच्या हातात दिला होता, वर संध्याकाळी हसलीही होती. तिला स्वतःची अशी लाज वाटली की क्षणभर मान वर करवेना.

मग तिने मशीनमधला फॉर्म उपसून काढला, चुरगाळला आणि इस्त्री बाजूला सारून गठ्ठ्यात हात घातला. सायकलचोरीचा फॉर्म पाहिला. सायकल का चोरीला गेली, असं त्यात कुणी विचारत नव्हतं. नळाचा पाहिला. मग हाताला लागला कुत्रं चावल्याचा. नगराध्यक्षांच्या पोटरीचा लचका गेल्यापासून हा फॉर्म फार कडक झाला होता. चावणाऱ्याचं वर्णन. आधी किती वेळा चावला. सध्या बांधलेला आहे की मोकळा. पुन्हा चावण्याची शक्यता. जखमी व्यक्तीला आज सुरक्षित जागा आहे का. आणि तळाला ठळक अक्षरांत, 'कारवाई त्याच दिवशी'. कारण विचारणारा रकाना औषधालाही नव्हता.

"रागावू नकोस रे बाबा," मावशी बाकाखाली वाकून कुत्र्याला म्हणाली. "तुझं नाव फुकट खराब करतेय." आणि टकटक सुरू झाली.

वर्णन: दोन पायांचा, वय चौतीस, मिशी आहे. आधी किती वेळा: तक्रार केली तेव्हा दोनदा, न केलेल्या मोजल्या नाहीत. सध्या: मोकळा. पुन्हा शक्यता: आज, घरी गेल्यावर. सुरक्षित जागा: नाही.

बेकरीवाली कागद खिडकीत देऊन ओट्यावर परत आली. हवालदाराने वरचं 'कुत्रं' वाचलं, धाडकन शिक्का मारला आणि कागद कुत्रे पकडणाऱ्यांच्या ट्रेमध्ये टाकला. सातवा रकाना शोधण्याचा प्रश्नच नव्हता. तासाभरात दोघे पकडणारे जाळं आणि काठी घेऊन बेकरीवालीच्या दारात हजर. दार उघडलं बनियनवरच्या नवऱ्याने.

"चावणारा कुठाय?"

"कोण चावणारा?"

दोघांनी एकदा कागद पाहिला, एकदा मिशी पाहिली, आणि चौकीत फोन लावला. "साहेब, हा जाळ्यात मावत नाही."

फोन उचलला होता नव्याने आलेल्या फौजदार बाईंनी. त्यांनी कागदाची प्रत मागवली. पहिल्या ओळीला त्या खळाळून हसल्या, दुसरीला कमी, आणि 'आज, घरी गेल्यावर' वाचलं तेव्हा खुर्ची मागे सारून उठल्या. रस्ता ओलांडून त्या ओट्यावर आल्या. बाकावर मायलेकी अजून थांबलेल्या होत्या, आणि मावशी मशीनला घट्ट धरून बसली होती. खोटा सरकारी कागद केला म्हणून ओट्यावर बसायचा परवाना जाणार, अशी तिची खात्रीच झाली होती.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच. आणि एकही अक्षर खोटं नाही बाईसाहेब, तपासून बघा. फक्त फॉर्म कुत्र्याचा आहे. माणसांसाठी एवढा शहाणा फॉर्म कुणी छापलेलाच नाही, मी काय करू?"

फौजदार बाई बेकरीवालीजवळ बाकावर बसल्या आणि विचारलं, "आज कुठे राहणार तुम्ही दोघी?"

बेकरीवालीचा बांध तिथे फुटला. तीन खेपा झाल्या, पण हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. त्या दिवशी मायलेकी गेल्या सरकारी वसतिगृहात आणि नवरा गेला कोठडीत. बटणाचा विषय त्याने तिथेही काढून पाहिला, पण या वेळी कागदावर बटणच नव्हतं.

मावशीचा परवाना वाचला. हवालदार महिनाभर तिच्याशी बोलला नाही, ते तिने आनंदाने सोसलं. कुत्र्याचा कागद मात्र फौजदार बाईंनी वर पाठवला, वरच्यांनी आणखी वर, आणि शेवटी एका लांबलचक टेबलाच्या बैठकीत मावशीलाच बोलावणं आलं. अध्यक्ष म्हणाले, "कौटुंबिक स्वरूपाच्या किरकोळ बाबींमध्ये..." तेवढ्यात मावशी म्हणाली, "साहेब, वाक्य चुकलं. मनगट मोडलं, असं म्हणायचं." तीन बैठका, नऊ महिने आणि असंख्य कप चहा झाल्यावर नवा फॉर्म छापून आला. आता नवऱ्याला बायकोसमोर बसवून काही वाचून दाखवायचं नाही, असा नियमही त्याच्या पाठीवर छापला होता. आणि सातव्या रकान्यात होतं, 'तक्रारदाराला आज सुरक्षित जागा आहे का? नसल्यास व्यवस्था कोणी केली?'

पहिला गठ्ठा आला त्या दिवशी बेकरीवाली पावाची पिशवी घेऊन ओट्यावर आली. मनगट बरं झालं होतं. बेकरीच्याच मागे तिने भाड्याने खोली घेतली होती. मावशीने मोठ्या तोऱ्यात नवा फॉर्म तिच्यापुढे धरला. तिने तो सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला.

"मग मावशी, माझं बटण आता कुठे लिहायचं?"

"कुठेच नाही."

बेकरीवाली हसली. साधंसुधं नाही, पोट धरून, इतक्या मोठ्याने की झेरॉक्सवाला बाहेर आला, बाकाखालचं कुत्रं उठून बसलं आणि रस्त्यावरची चार माणसं वळून बघायला लागली. मावशीने टाइपरायटरवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि ती हसायची थांबेपर्यंत ऐकत बसली. का हसतेस, असं तिने विचारलं नाही.