गल्लीभर जुळलेला आकडा

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सोलापुरात, एका बंद कारखान्यामागच्या गल्लीत आहे. गल्लीत अशी पाच दुकानं, आणि पाचांत नवी सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो तो मूळ प्रोग्राम, नेटवरून उतरवून घेणारी मी एकटी. चार-पाच जीबीची फाईल फोनच्या नेटवर उतरायला दिवस जातो, मधेच लाईट गेली की रडगाणं. म्हणून बाकीचे माझ्याकडून पेन ड्राइव्हवर घेऊन जातात. एका विहिरीवर अख्खी आळी पाणी भरते, तसं.

फाईल धड उतरली का, हे बघायची एक रीत असते. कॉम्प्युटर सगळी फाईल चाळून चौसष्ट अक्षरं-आकड्यांची एक ओळ काढून देतो. फाईलमध्ये कणभर जरी बिघडलं तरी ओळ पार बदलते. सिस्टिम बनवणाऱ्यांनी खरी ओळ आपल्या साइटवर दिलेली असते, तिच्याशी ताडायचं. आम्ही त्या ओळीला नुसतं ‘आकडा’ म्हणायचो. पेन ड्राइव्ह नेणारा दुकानात पोचला की फोन करायचा, “ताई, माझा शेवट सात-सी-नऊ येतोय की.” मी वहीत बघून सांगायची, “जुळला.” खंडेनवमीला स्क्रू ड्रायव्हरांच्या शेजारी त्या वहीलाही मी हळदकुंकू वाहायची. एवढी माझी अक्कल.

मागच्या उन्हाळ्यात मास्तर आले. सत्तरी ओलांडलेले, तेलुगू घरातले, आयुष्यभर चादरींची नक्षी काढणारे. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने नक्ष्यांचा कॉम्प्युटर त्यांनाच देऊन टाकला होता. मूळ कागद वाळवीने खाल्ले होते, आणि आता कॉम्प्युटरची डिस्क कटकट वाजायला लागली होती.

“एवढंच ऱ्हायलंय बघा अम्मा,” ते म्हणाले. “चादरी तर लोकांनी वापरून फाडल्या. मी काय केलं ते दाखवायला दुसरं कायबी न्हाय.”

अशी डिस्क एकदा चालली तर चालते, दुसऱ्यांदा भरवसा नाही. म्हणून ती तिच्या स्वतःच्या सिस्टिमवर चालू न करता माझ्या पेन ड्राइव्हवरच्या सिस्टिमने नक्ष्या काढून घ्यायचं मी ठरवलं. तसं त्यांना सांगितलंही.

“तुमची फाईल बरोबर हाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

मला जरा रागच आला. मी त्यांच्यासमोर आकडा काढला, वही उघडून पुढ्यात ठेवली. आयुष्यभर कागदावर नक्षीची घरं मोजलेलं त्यांचं बोट एकेक अक्षरावरून सरकत गेलं. चौसष्टच्या चौसष्ट जुळली.

पहिल्याच फोल्डरवर माझी सिस्टिम गोठली. माऊस हलेना, काही हलेना. अर्धा तास वाट पाहून शेवटी बटण दाबून बंद केलं. पुन्हा चालू केलं तेव्हा डिस्क तीनदा ठकठकली आणि बंद पडली. पुण्यात एकजण अशा डिस्क उघडतो, त्याच्याकडे पाठवते म्हणून मी मास्तरांना घरी लावून दिलं.

संध्याकाळी मी साइट उघडली. तिथला आकडा माझ्या वहीतल्याशी पहिल्या अक्षरापासून जुळत नव्हता. मग आठवलं. फाईल उतरली त्या दिवशी साइट उघडत नव्हती. मी माझ्याच फाईलचा आकडा काढून वहीत लिहिला, उद्या ताडू म्हणून. तो उद्या कधी उजाडलाच नाही. फाईल पहिल्यापासून कुठेतरी सडलेली होती. रोजच्या कामात तो भाग लागत नव्हता, त्या दिवशी लागला. आणि बाकीची चार दुकानं माझ्या चुकीशी आपापली चूक ताडून खूश होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

चांगल्या फाईलने नक्ष्या वाचल्या असत्या का? कुणालाच सांगता येणार नाही. हेच मला खात राहतं.

पुण्याच्या माणसाने हात वर केले. आठवड्याने मास्तर आले तेव्हा सगळं सांगायचं मी ठरवून बसले होते. तोंडातून एवढंच निघालं, “डिस्क गेली.”

ते स्टुलावर टेकले. मग म्हणाले, “तिचं आयुष्य संपलं हुतं. तुमी काय करणार? तुमी तर माझ्यासमोर सगळं ताडून घेतलं.”

“हो,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

मास्तर उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला समजावत राहिले. मी त्यांना समजावू दिलं.