खालचं मी बघतो

माझ्या मेव्हण्याइतका लपवाछपवी करणारा सज्जन माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. लपवणं हाच त्याचा धंदा. उस्मानपुऱ्यातल्या एका खोलीत बसून तो ब्लॉकचेनचं ॲप बनवायचा. मला त्यानं समजावलं ते असं: प्रत्येक ब्लॉकचेन म्हणजे वेगळं गाव. तिथलं पाकीट वेगळं, नाणं वेगळं. एका गावचं नाणं दुसरीकडं न्यायचं तर मधे पूल, आणि पुलाचं भाडं तिसऱ्याच नाण्यात. "माणसाला यातलं काही दिसूच नये, दाजी. त्यानं एक बटण दाबावं. खालचं मी बघतो."

हे 'खालचं मी बघतो' त्याच्या अंगात भिनलेलं. मुकुंदवाडीच्या घरून मला आणि बायकोला पैठणला न्यायचं ठरलं, तेव्हा तो फक्त "बसा" म्हणाला. आधी रिक्षा, मग कुणाच्या तरी लग्नाला निघालेली जीप, मग एसटी. मी दर वेळी भाडं विचारलं, कारण दिवसाचा खर्च मांडल्याशिवाय मला जेवण जात नाही. "दाजी, पोहोचताय ना?" एवढंच उत्तर. जीपमध्ये तर मला नवऱ्याकडचा समजून कुणीतरी टॉवेल-टोपी दिली. तो आहेर कोणत्या रकान्यात लिहावा, हे मला अजून कळलेलं नाही.

पैठणला जायचं कारण त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई. ॲपच्या धंद्यातल्या भागीदारांनी त्याला बजावलं होतं, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसानं आमच्यादेखत एका गावचं नाणं दुसऱ्या गावी पाठवावं. नाहीतर काम बंद. त्यानं आईला निवडलं. सासूबाईंचा जन्म मेंढरांमागं गेलेला. भागीदार व्हिडिओ कॉलवर डोळे लावून बसले. सासूबाईंनी बटणापाशी बोट नेलं आणि थांबल्या.

"पलीकडं कोण उभं हाय?"

"कुणी नाय, आई. लागतच नाय कुणी."

"मंग मी नाय सोडत. रस्ता ओलांडताना पलीकडून 'आली' म्हणून हाळी आल्याबिगर तुझा बाप एक मेंढरू सोडत नव्हता. तू लई शाना झालास व्हय?"

मेव्हण्याचा चेहरा उतरला. मग तो दुसरा मोबाइल घेऊन गेला आणि रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली उभा राहिला. सासूबाईंनी बटण दाबलं. पलीकडून हाळी आली, "आली गं आई, आली."

भागीदार पोट धरून हसले, पण काम चालू राहिलं. हाळी तेवढी ॲपमध्ये घाल, म्हणाले. आता कुणाचंही नाणं पोहोचलं, की मेव्हण्याचा आवाज येतो.

हल्ली तो बंगळूरला असतो. येणं फारसं होत नाही. सासूबाई संध्याकाळी मेंढरं कोंडली, की त्यानंच ॲपच्या पाकिटात भरून दिलेल्या नाण्यांतलं एक त्याला पाठवतात, हाळी ऐकतात आणि मोबाइल कमरेच्या पिशवीत ठेवतात. मी हिशेब केला. नाण्यापेक्षा पुलाचं भाडं जास्त, आणि ते हाच गुपचूप भरतो. फोन करून त्याला तसं सांगितलं.

"तिला कळू देऊ नका, दाजी. खालचं मी बघतो."

त्या दिवशी मी खर्च न मांडताच जेवलो.