तिकीटखिडकीतली बदकबाई

सार्वजनिक तलावावरची पोरं तिला बदकबाई म्हणत, अर्थात तिच्या पाठीमागे, कारण तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. जमिनीवर ती खरोखरच डुलत चालायची. पण पाण्यात शिरली की बघणाऱ्याने हातातलं काम विसरून बघत राहावं. निम्म्या शहराला तिने पोहायला शिकवलं होतं. नाकातोंडात पाणी जाऊन एखादं पोर रडू लागलं की ती काठावरून ओरडायची, "रडायला श्वास लागतो, तो पोहायला वापर!" पोर मुकाट हात मारू लागायचं. या वाक्याचा तिला भारी अभिमान होता आणि पुढे तेच तिला नडलं.

लेक झाली, तिला घरात सगळे ठकी म्हणू लागले. एवढ्यात दुसरं मूल नको, असं नवराबायकोने ठरवलं. रोज गोळी घ्यायची तर आपल्या लक्षात राहणार नाही, म्हणून तिने दवाखान्यात जाऊन तांबी बसवून घेतली. नर्सने नीट सांगितलंही होतं, "पहिले काही महिने पाळीत जास्त जाईल, पोटात कळा येतील. बहुतेकींचं हळूहळू कमी होतं. नाही झालं तर दाखवायला या." बदकबाईने मान डोलावली, पण लक्षात ठेवलं ते पहिलं अर्धंच.

महिने उलटले तरी कमी होण्याचं नाव नाही. पाळी आली की मुक्कामालाच यायची. कळ अशी उठायची की काठावरचा लोखंडी कठडा घट्ट धरून ती शिट्टी वाजवायची. त्यात तलावाची फरशी पांढरीशुभ्र आणि भोवती पोरांचा गलका. काय काय वापरून पाहिलं, पण कशावर भरवसा बसेना. आधी ती काठावरूनच शिकवू लागली. मग एक दिवस व्यवस्थापकाला म्हणाली, "मला हल्ली सर्दी होते, तिकीटखिडकीवर बसवा." सर्दी! जिचा जन्म पाण्यात गेला तिला सर्दी! त्या भल्या माणसाने खोदून विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही.

नवरा वायरमन होता, स्वभावाने गरीब. "तू पांढरी पडलीयेस गं," तो म्हणायचा. "उन्हात जात नाही ना आता," ही उत्तर द्यायची. तिच्या जावेनेही तांबी बसवली होती आणि तिला ढिम्म काही झालं नव्हतं. "बसवली आणि विसरले बघ," असं ती येताजाता सांगायची. मग ही कोणत्या तोंडाने रडगाणं गाणार? खोट आपल्यातच आहे, आपणच नाजूक निघालो, असं तिने धरून टाकलं आणि मूग गिळून बसली.

ठकी शाळा सुटली की थेट तलावावर यायची. खिडकीच्या फळीवर हनुवटी टेकवून विचारायची, "आई, आज येतेस पाण्यात?"

"आज नको गं राणी. पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात पाळी नसायची, पण अंगात त्राणही नसायचं. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. पोरीला दुसऱ्या शिक्षकाकडे घालायला मन धजेना. आपल्या लेकीला आपणच शिकवायचं, हा हट्ट. ठकी विचारत राहिली. एका उन्हाळ्यात तिने विचारणं सोडून दिलं आणि, खोटं कशाला सांगा, बदकबाईला सुटल्यासारखं वाटलं.

मग एके दिवशी भरल्या रांगेसमोर तिकीट फाडता फाडता ती खुर्चीवरून खाली कोसळली. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं, सगळं विचारून घेतलं.

"रक्त फारच कमी झालंय. एवढी वर्षं अंगावर काढलंत?"

"होतं तसं, म्हणाल्या होत्या नर्सबाई."

"सुरुवातीला होतं. पुष्कळ जणींना पुढे काही त्रास नसतो, पण तुम्हाला होत होता ना? यायचं होतंत. ही केव्हाही काढता येते. दुसरे उपाय आहेत."

"केव्हाही?"

"आत्तासुद्धा."

पोहायची टोपी डोक्यावर चढवायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात तांबी निघाली. एवढंसं काम! त्यासाठी आपण काय काय घालवलं, हे मोजायला लागली आणि घरी पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांचं पाणी खळलं नाही.

लोहाच्या गोळ्यांनी हळूहळू गालांवर रंग आला, पाळी ताळ्यावर आली. मग तिने कपाटाच्या तळातून पोहायचा पोशाख काढला आणि मोठ्या उत्साहाने लेकीला म्हणाली, "ठके, चल तलावावर. तुला शिकवते."

"मला येतं पोहायला," ठकी म्हणाली.

"कधी शिकलीस?"

"सुट्टीत आत्याकडे गेले होते ना, तेव्हा. आत्याने शिकवलं."

"आत्याने? तिला धड तरंगता येत नाही!"

"शिकवलं तिने," ठकी खाली बघत म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्यांना शिकवून तुला कंटाळा आलाय. मीच नकोशी झालेय."

बदकबाईने पोरीला समोर बसवलं आणि तांबीपासून तिकीटखिडकीपर्यंत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ठकीने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "पण आई, मी रोज विचारायचे."

ते दुखणं काढता आलं. ठकीचं लहानपण कुठून परत आणायचं?

तरी दोघी गेल्या. उथळ बाजूला कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बदकबाई लेकीला बघत राहिली. हात तिरका पडत होता, मान वेडीवाकडी वळत होती, सगळी आत्याची कृपा. पण पोर न घाबरता पार पलीकडे गेली आणि परत आली. तिला दुरुस्त करायला बदकबाईने हात उचलला आणि त्याच हाताने डोळे पुसले.

"काय झालं?" ठकीने विचारलं.

"काही नाही, डोळ्यांत पाणी गेलं," ती सवयीने म्हणाली. मग थांबली. "नाही गं. रडतेय."

ठकी जवळ आली, आईचा हात धरून उभी राहिली. "मग रड ना," ती म्हणाली. "पोहू नंतर."