नळाला मंकी कॅप

आधीच सांगतो, हसणार असाल तर चहाचा कप खाली ठेवा. सांडला तर माझी जबाबदारी नाही!

युरो नवानवा होता तेव्हाची गोष्ट. मी जर्मनीत त्सुफेनहाउझेनला नोकरीला होतो आणि फ्राऊ श्नायडर नावाच्या आजींच्या घरात तळमजल्यावर एका खोलीत भाड्याने राहत होतो. माझी बायको मंजिरी लवकरच पुण्याहून यायची होती, त्यामुळे आजींचा वरचा रिकामा फ्लॅट मला काहीही करून हवा होता. विचारलं की आजी म्हणायच्या, "बघू."

नाताळात त्या बहिणीकडे बॉनला निघाल्या. "हेर कुलकर्णी, थंडीची सगळी तयारी मी केली आहे. तुम्ही काहीही करू नका. फक्त आतल्या कुंड्यांना पाणी घाला."

काहीही करू नका? अहो, मी थर्मल इंजिनिअर! त्यात फ्लॅट हवा असलेला माणूस. मी काय नुसता कुंड्यांकडे बघत बसणार?

कडाक्याची थंडी पडणार असं रेडिओवर ऐकलं आणि बागेत गेलो. भिंतीवरचा पाइप उघड्यावर, नळ पूर्ण सोडलेला आणि पाण्याचा थेंब नाही! कोरडा नळ दिसला की आपला हात आधी बादलीकडे जातो की नाही? मला वाटलं, गेला, गोठला! किटलीभर गरम पाणी ओतलं. ढिम्म!

कॉलिंग कार्ड काढून पुण्याला फोन लावला.

"अगं, नळाला पाणीच नाही!"

"आता जर्मनीतसुद्धा?" मंजिरी म्हणाली. "अरे, कुणीतरी मेन कॉक बंद केला असणार. आमच्या सोसायटीत नेहमीचंच आहे. खाली जाऊन बघ."

केलरमध्ये, म्हणजे तळघरात गेलो. बागेच्या नळाचा कॉक खरंच बंद! काय एकेक निष्काळजी लोक असतात, असं पुटपुटत मी तो उघडला. बाहेर धो धो पाणी! इतका आनंद झाला म्हणून सांगू! मग पाणी वाया नको, म्हणून नळ घट्ट बंद केला.

पुढे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. पाइपाला आईने शिवलेली गोधडी गुंडाळली, वर मफलर, वर सुतळी आणि तोटीला माझी मंकी कॅप. तान्ह्या बाळाला कुणी एवढं जपत नसेल.

थंडी चांगलीच पडली. आजी परतल्या त्या दिवशी मात्र जरा ऊन आलं. मी त्यांची बॅग हातात घेतली आणि मोठ्या ऐटीत त्यांना बागेत घेऊन गेलो.

मंकी कॅपमधून कारंजं उडत होतं!

आजी त्या वयात केलरकडे अशा धावल्या की बस! पाणी थांबलं. त्या वर आल्या.

"कॉक मी बंद केला होता. कुणी उघडला?"

"मी."

"का?"

"पाणी... येत नव्हतं."

आजींनी डोळे मिटून घेतले. "हेर कुलकर्णी, आत कॉक बंद करायचा, बाहेर नळ उघडा ठेवायचा. पाइप रिकामा होतो. रिकाम्या पाइपात गोठणार काय?"

म्हणजे पाइप अगदी सुखरूप होता हो! त्यात पाणी भरून, बूच मारून, तो फुटायची सोय मी केली होती.

"आणि हे कपडे?"

"थोडी ऊब..."

"माणसाचं अंग गरम असतं, म्हणून कपड्यात ऊब राहते. पाइपाचं अंग गरम असतं का?"

थर्मल इंजिनिअर खाली मान घालून ओली मंकी कॅप सोडवायला लागला. फ्लॅटवर तर मी तेव्हाच पाणी सोडलं.

संध्याकाळी आजींनी कॉफीला बोलावलं. मला वाटलं, आता खोलीही खाली करायला सांगणार. त्यांनी केकची बशी पुढे केली आणि शेजारी एक किल्ली ठेवली.

"वरचा फ्लॅट तुमचा."

मला खरंच भरून आलं. "फ्राऊ श्नायडर, एवढं सगळं होऊनही?"

"हो, म्हणूनच," त्या शांतपणे कॉफी ढवळत म्हणाल्या. "तुम्हाला केलरपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं बरं."