भावाच्या परड्यातली खुराडी

मालुबाई माहेरी कायमची राहायला आली, ती पिकअपच्या मागच्या बाजूला बसून. सोबत एक ट्रंक, एक गादी आणि भोकं पाडलेल्या खोक्यात सशांची जोडी. भावजय चंद्राबाई दारातच उभी होती. तिनं खोक्यात डोकावलं आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "माणसं कमी पडलीती व्हय घरात?"

मालुबाईनं ते कानाआड केलं. तिचा नवरा आण्णाप्पा वडगावला मागाच्या कारखान्यात राबत होता. छातीचं दुखणं लागलं आणि तो गेला. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर बेळगावात पक्षी, मासे, ससे विकणाऱ्या एका दुकानात ती पिंजरे धुवायचं काम करायची. ते दुकानही बंद पडलं. उरलेल्या जनावरांत फाटक्या कानाचा एक नर आणि एक करडी मादी कुणी घेईना. "न्या मावशी, सांभाळा," म्हणून मालकानं ती जोडी तिच्या हवाली केली. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवरच्या वाडीत धाकटा भाऊ भावकू होता. दुसरं जायला ठिकाण नव्हतं.

भावकू मनानं वाईट नव्हता. वाईट नसलेल्या माणसासारखाच तो गप्प राहायचा.

पहिले काही दिवस ससे गोठ्यात टोपलीखाली झाकलेले होते. एका दुपारी मुंगसानं टोपली कलंडवली. नर थोडक्यात वाचला. तेव्हा मालुबाई भावाला म्हणाली, "भावकू, परड्यात फनसाखाली वाईच जागा दे. खुराडं बांधतो सशास्नी."

"बांध की आक्का. जागा काय तुझ्यापरास जास्त हाय व्हय?"

हे शब्द तिनं मनात जपून ठेवले.

खुराडं बांधायचं, पण विकत आणायला हाताशी काही नाही. मग जे जिथं पडलेलं दिसेल ते ती उचलून आणू लागली. रानातून बांबूच्या मेसकाठ्या तोडल्या. गोठ्याचं मोडकं दार होतं, त्याच्या फळ्या सोडवल्या. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले. खानापूरकडच्या एकाची कोंबड्यांची शेड बंद पडली होती. त्याच्या शेतात तिनं भात लावणीला जायचं कबूल केलं आणि मजुरीऐवजी आधीच जुनी जाळी मागून आणली. इलेक्शन झालं होतं, रस्त्याकडेचे फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होते. एक तिनं काढून आणला आणि उमेदवाराचं हसरं तोंड आतल्या बाजूला करून छपरावर ताणला.

येणारे-जाणारे थांबून बघायचे. "मालू, बंगला बांधतीस काय गं?" म्हणायचे. तीही हसायची.

पण त्या डोंगरातला पाऊस ती विसरून गेली होती. आषाढात पश्चिमेकडून जो आडवा झोडपायला लागला, त्यानं फ्लेक्सच्या चिंध्या केल्या. मादी नुकतीच व्याली होती. सकाळी मालुबाई बघायला गेली तर मादीनं उपटून अंथरलेल्या आपल्याच केसांत पिल्लं भिजून, आखडून गेली होती. पदरात घालून तिनं ती बांधाकडेला पुरली. चंद्राबाई पडवीतून म्हणाली, "मी म्हनलंतं. शेरातली जनावरं हितं टिकत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी मालुबाई पुन्हा कामाला लागली. आता तिनं खुराड्याचं तोंड उगवतीला केलं. रस्त्याच्या कामावाल्यांनी डांबराची रिकामी पिंपं टाकून दिली होती. त्यातलं एक फोडून, सपाट करून पाठीमागून आणि छपराला ठोकलं. तळाला मेसकाठ्या चिरून केलेल्या कांबी ठेवल्या, मधे फट सोडली, म्हणजे लेंड्या खाली पडाव्यात. फळी कुरतडायला मिळू नये म्हणून जाळी आतून लावली. मुंग्या चढू नयेत म्हणून चारी पाय जळक्या तेलाच्या डब्यात उभे केले. व्यायला वेगळा आडोसा केला, त्यात भाताच्या पेंढ्याचं पिंजर घातलं. बोटं सोलून निघाली, एक नख काळं पडून गळालं. पण पुढच्या वेताची पिल्लं जगली. त्यांच्या पिल्लांसाठी दुसरं खुराडं झालं, मग तिसरं. वर्ष सरता सरता फणसाखाली खुराड्यांची ओळ लागली.

गोव्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबू लागल्या. पोरं हट्ट धरायची, आईबाप जोडी घेऊन जायचे. आलेले पैसे मालुबाई भावाच्या हातात द्यायची. चंद्राबाईही बदलली. "वन्सं, च्या घ्या," असं आतून ऐकू येऊ लागलं. मालुबाईला वाटलं, आपलं या घरात बसलं बाई बूड.

त्याच सुमाराला भावकूचा मुलगा विनोद बेळगावचं फाउंड्रीतलं काम सुटून घरी आला. चार दिवस खुराड्यांभोवती फिरला, मोबाइलवर फोटो काढले. माणसांचे फोन येऊ लागले. तो आत्तीला बारीकसारीक विचारायचा. पिल्लं आईपासून कधी तोडायची, ओला पाला का घालायचा नाही, नर वेगळा कशाला ठेवायचा. मालुबाई हौसेनं सांगायची. पोटचं पोर असतं तर असंच विचारलं असतं, असं तिला वाटायचं.

मग एक दिवस रस्त्याकडेला पाटी लागली. 'विनोद रॅबिट फार्म'. खाली कन्नडमध्येही तेच.

निपाणीकडून एकजण व्हिडिओ काढायला आला. विनोद इस्त्रीचा शर्ट घालून खुराड्यापुढं उभा राहिला. मालुबाई पाल्याचा भारा घेऊन तिथंच होती. "मावशी, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय," तो माणूस म्हणाला. ती गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकली. विनोद बोलत होता. एक शब्द चुकला नाही त्याचा. तोंड उगवतीला का, जाळी आतून का, पाय तेलात का. तिनं सांगितलं होतं तसंच्या तसं. फक्त प्रत्येक वाक्याच्या आधी 'मी' होता. "मी पहिलं खुराडं केलं ते पावसानं गेलं. पिल्लं मेली. पण मी हार मानली न्हाय."

मालुबाईला भारा खाली ठेवायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी ती भावाला म्हणाली, "भावकू, माझं नाव बी न्हाय रं घेतलं पोरानं."

भावकू सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "आक्का, पोरगं आपलंच हाय की. त्येचं नाव झालं तर तुझंच झालं."

"पिल्लं मी पुरल्यात."

"तुला कोन न्हाय म्हनतंय?" तो म्हणाला आणि उठून गेला.

एवढ्यावर ती गिळून बसली असती. पण शेजारच्या वाडीत तिची लहानपणची मैत्रीण जयाबाई एकटीच राहायची. मालुबाईनं तिच्या परसात स्वतःच्या हातानं एक खुराडं बांधून दिलं आणि आपल्या सशांतली एक जोडी नेऊन ठेवली. जयाबाई अगदी हरखून गेली. दोघी म्हाताऱ्या त्या दिवशी पोरींसारख्या हसल्या.

विनोदला कळलं तेव्हा तो मोटारसायकल काढून गेला आणि ती जोडी पिशवीत घालून परत घेऊन आला. घरात सगळ्यांदेखत म्हणाला, "आत्ती, असं कुनालाबी वाटत सुटलीस तर फार्म चालल कसं? मला इचारायचं."

"तुला इचारायचं?"

"मग? जागा आमची, धंदा माझ्या नावावर. तू जेवतीस, ऱ्हातीस, कोन काय बोललंय तुला?"

भावकू तिथंच बसला होता. मालुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तो टीव्हीकडं बघत होता. टीव्ही बंद होता.

दुसऱ्या दिवशी ती जयाबाईकडं गेली. रिकाम्या खुराड्याकडं बघत बसली. जयाबाईच म्हणाली, "जाऊ दे गं मालू. पोरगं निदान चपला काढून आत आलतं." त्या बोलण्यानं मालुबाई लाजेनं आणखीच मेली.

घरी आली ती सरळ परड्यात. हातात पक्कड आणि हातोडा. सगळ्यात पहिलं खुराडं तिनं धरलं, पिंपाच्या पत्र्याखाली पक्कड घातली, एक खिळा उपसला, दुसरा उपसला. पत्रा कुरकुरला. आत मादीनं घाबरून पाय आपटले. मालुबाईनं वाकून बघितलं. आडोशात पिंजरावर केसांचा पुंजका होता आणि त्यात काहीतरी गुलाबी वळवळत होतं.

पाठीमागं चंद्राबाई येऊन उभी राहिली होती. "मोडा की वन्सं," ती शांतपणे म्हणाली. "तुमीच बांधलायसा. मोडा, आनि मग बघा कुटं जाताय ते."

मालुबाईनं उपसलेले दोन्ही खिळे दगडावर सरळ केले आणि परत ठोकले.

पंधरवड्यानं कडोलीचा एक शेतकरी ससे घ्यायला आला. खुराडी बघून विनोदला म्हणाला, "असली बांधून द्यायला मानूस मिळंल काय?" विनोद काही बोलायच्या आत मालुबाई पुढं झाली. "मी येतो," म्हणाली. ट्रंक तिनं तेव्हाच भरली. भावकू वाटेपर्यंत आला. "चार दिसांनी येशील न्हवं?" त्यानं विचारलं. तिनं ट्रंक उचलली आणि शेतकऱ्याच्या मागून चालू लागली.

ती कडोलीला गेली, तिथून काकतीला, मग निपाणीकडच्या गावांत. तंबाखूवाल्यांच्या शेडमधल्या जुन्या मेसकाठ्या, मोडक्या खाटा, पत्र्याचे तुकडे, जे मिळेल त्यातून ती खुराडी उभी करते. काम असेल त्या घरच्या पडवीत झोपते. लोक तिला 'सशाची मावशी' म्हणतात. एका घरी मालकीणबाई म्हणाली, "मावशी, तुमीबी पाळा की एक जोडी." मालुबाई म्हणाली, "पाळायला परडं लागतंय बाई." आणि तार पिळत राहिली.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर भावकू तिला शोधत आला. वाळला होता. पत्रे गंजलेत, कांबी कुजल्यात, विनोदनं बोलावलेल्या सुताराला जमलं नाही, असं त्यानं अडखळत सांगितलं. "दुसरी लोकं देत्यात ती मजुरी देतो आक्का," तो म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते कसं ऐकू आलं कोण जाणे, तो खाली बघू लागला.

मालुबाई गेली. दोन दिवसांत तिनं सगळी खुराडी उतरवली, नीट केली, पुन्हा उभी केली. फाटक्या कानाचा नर नव्हता. कधी मेला ते तिनं विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. दुपारी चंद्राबाई म्हणाली, "वन्सं, आत या जेवायला." मालुबाई म्हणाली, "हात घान हाईत, हितंच द्या." फार्मवरचे बाकीचे गडी बसले होते त्यांच्यात बसून ती जेवली आणि आपलं ताट आपण धुतलं.

जाताना भावकूनं मजुरी पुढं केली. त्याला वाटलं होतं, बहीण हात मागं घेईल. मालुबाईनं ती घेतली, त्याच्यासमोर मोजली आणि कनवटीला लावली.