मालोजीनं ती कॉलर भाजली न्हाई

मालोजी माझा धाकटा भाऊ. चाकणजवळ रस्त्याला त्याचं आन शेखरचं भागीत गॅरेज. मालोजी वैशाखात गेला. त्याच्याच जीपचं मागलं चाक एक्सलसकट भाईर आलं आन गाडी पुलाखाली. गावात एकच बोलणं, आठवड्यामागं बेरिंग त्यानंच बदललं, काम कच्चं ऱ्हायलं. सांगायला शेखरच म्होरं. तितंच मला शंका आली.

मालोजीचा हात मला ठावं हाय. एक्सल ओढून काढायचा, नवं बेरिंग घालायचा, त्याच्या मागं लोखंडी कडं बसवायचा. कॉलर म्हणत्यात तिला. तापवली की ती फुगून एक्सलवर चढती, गार झाली की आवळून बसती. तिनंच चाक धरून ऱ्हातं. ती तो कढईत तेलात तापवायचा, गॅसची ज्योत लावू द्यायचा न्हाई. लोखंड मऊ पडतं म्हणायचा. त्याची बायको रंभा हसायची, आमचं मालक गॅरेजात भजी तळत्यात.

मोडकी जीप गॅरेजमागंच पडली हुती. मी जाऊन बघितलं. कॉलर निळी पडलेली. शेजारच्या बुद्धरत्न वेल्डरला दाखवली. तो म्हणला, आक्का, ही तेलातली न्हाई, गॅसनं भाजलीय.

बेरिंग बदललं तो दिवस आमच्या यात्रेचा. दुपारी शर्यतीच्या घाटात आमच्या बैलगाड्याची बारी, म्हंजे पळायची पाळी हुती. मालोजी एक्सल काढून काम तसंच टाकून बैल जुपायला गेला. सांजच्याला आला तर चाक बसलेलं.

शेखर चहा पीत बसला हुता. मी कॉलर त्याच्या म्होरं ठिवली.

"मालोजीनं बसवली म्हणतोस. कवा? तो तर घाटात बैल धरून हुता. माईकवर नाव पुकारलं त्याचं, सगळ्या गावानं ऐकलं."

शेखरनं कप खाली ठिवला. म्हणला, "आक्का, मला बी बारी बघायची हुती. तेल तापायला टाइम लागतो. गॅसवर उरकलं."

"त्याला सांगितलंस?"

"तो गुलालात भरून आला. म्हणलं, उद्या सांगू."

हेच त्याला मी रंभापुढं आन पारावरच्या माणसांपुढं बोलायला लावलं. बोलला, मान खाली घालून. आता मालोजीचं काम कच्चं हुतं असं कोणी म्हणत न्हाई. पण मालोजी बी न्हाई.

रंभानं बैल इकायला काढल्यात. परवा शेखर एक गिऱ्हाईक घेऊन आला, माणूस चांगला हाय म्हणला. मी दावणीपाशी उभी ऱ्हायले. म्हणलं, तू आणलेल्याला आमी बैल देणार न्हाई.