सोमाचा हात माह्या सापळ्यात

हसणार नाई असं कबूल करत असाल त सांगतो. जाऊ द्या, नका करू कबूल. अख्खं गाव हसून बसलं, तुमीच काऊन मागं राहाल?

मी तीस वर्षं वडश्याले शाळेत गणित शिकवलं. रिटायर झालो आन आरमोरीच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथी परत आलो. दोन एकर धानाची बांधी, एक बायको आन सोमा नावाचा एक बालपणचा दोस्त, एवढीच माही इस्टेट. मासोळ्या धरणं हा सोमाच्या घरचा पिढ्यानपिढ्याचा धंदा. त्याची बांधी माह्या बांधीले लागूनच.

धान पिकाले आला का आमच्याकडं बांधीतलं पाणी सोडून देतात. धुऱ्याले, म्हणजे बांधाले, खाच पाडतात, तिथून पाणी खाली उतरते. त्या खाचेत सोमानं बांबूच्या काड्यांचा सापळा बसवला होता. एका बाजूले तोंड, मासोळी आत गेली का बाहेर येत नाई. मागच्या बाजूले झाकण, तिथून काढून घ्यायची. ते पाहिलं आन मलेही खाज सुटली. बाजारातून सापळा आणला.

सोमा म्हणे, "मास्तर, मी लावून देऊ का?"

"अबे, मी गणिताचा माणूस! तू मले शिकवून राह्यला का?"

लहानपणी आखाडात बाबानं मले सापळा लावून दाखवला होता. तोंड खालच्या बाजूनं. मी अगदी तसाच लावला. सोमानं पाहिलं, डोकं खाजवलं आन म्हणे, "बरं."

हे 'बरं' तेवढं ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो त काय! चार मांगूर! अशा जाडजूड! बायको त पाहतच राह्यली. लग्नाले छत्तीस वर्षं झाली, पण तिनं माह्याकडं अशा नजरेनं पहिल्यांदाच पाहिलं. मंग काय, रोजच मासोळी! कधी मांगूर, कधी मरळ. एका दिवशी त किलोभराची रोहू!

आता चहाच्या टपरीवर सांगितल्याशिवाय राहवते का? पाण्याचा उतार, सापळ्याचा कोन, सगळं मी पाटीवर शिकवल्यासारखं समजावून सांगितलं.

टपरीवाला म्हणे, "गुरुजी, सापळ्याच्या तोंडात तुमची मूठ जात नाई. किलोभराची रोहू आत शिरली कशी?"

मी म्हटलं, "लहान होती तवा शिरली असन. आतच वाढली."

"एका रातीत?"

"माह्या बांधीचं खत चांगलं आहे!"

सगळे पोट धरून हसले. मले वाटलं, कौतुकानं हसून राह्यले.

तेवढ्यात सोमाच्या पोरीले पोरगी झाली म्हणून तो चामोर्शीले गेला. मीच त्याले एसटीत बसवून दिलं. आन इकडं माहा सापळा रिकामा! एक दिवस नाई, दोन दिवस नाई, चांगले आठ दिवस! बेडूकही नाई. बायको रोज मसाला वाटून ठेवे आन रोज आलू करे. नवव्या दिवशी तिनं मसाला वाटलाच नाई. हे मले फार लागलं.

म्हटलं, कोणी तरी चोर आहे. दहाव्या दिवशी तांबडं फुटताच निघालो. बांधीजवळ आलो आन पाहतो त काय, चामोर्शीवरून परतलेला सोमा माह्या सापळ्यापाशी उकिडवा बसला होता! झाकण उघडं आन हात कोपरापर्यंत आत!

मी मोहाच्या झाडामागं लपलो. सोमा? आपला सोमा? ज्यानं शाळेत माह्या वाटची छडी खाल्ली तो सोमा? तो गेल्यावर जाऊन पाहिलं त सापळ्यात दोन मरळ. माहं गणित झटक्यात सुटलं: होत्या सहा, नेल्या चार, ठेवल्या दोन. का त, मले शक येऊ नये!

त्या दोन मरळ मी खाल्ल्या, पण घास गोड लागला नाई. खरं सांगतो, मासोळीचं दुःख नोतं. दोस्त गेला याचं होतं.

आता ऐका, मी काय शेण खाल्लं ते. त्याच रविवारी गावतलावाचा राखणदार ठरवायची बैठक होती. सोमाचा बाप मरेपर्यंत तलावाचा राखणदार होता. बापाची राखणदारीची काठी आपल्या हाती यावी, एवढंच एक सोमाचं सपन. सगळं गाव त्याच्याच बाजूनं. महादूभाऊ आमच्यातले सगळ्यात मोठे. ते म्हणाले, "मंग सोमाच ना? कोणाची हरकत?"

मी उभा राह्यलो. "माही आहे! जो दोस्ताच्या सापळ्यातून चोरते, त्याच्या हाती तलाव देता का?"

बाप्पा! सगळ्यायच्या माना सोमाकडं वळल्या. महादूभाऊनं इचारलं, "सोमा, तू गुरुजीच्या सापळ्यात हात घातला होता का?"

"हौ, घातला होता."

"काऊन?"

सोमानं माह्याकडं पाहिलं. मान खाली घातली. म्हणे, "ते मले सांगता येत नाई, भाऊ."

"सांगशील नाई त काठी कशी देऊ तुले?"

"नका देऊ."

मले वाटलं, चोर पकडला गेला! मी छाती काढून उभा. तेवढ्यात मागून सोमाची बायको वच्छला उठली. पदर खोचला आन माह्यासमोर येऊन उभी राह्यली.

"तो नाई सांगनार, मी सांगते! गुरुजी, आखाडात मासोळी पान्यावर चढते, तवा सापळ्याचं तोंड खाली राह्यते. आता पानी उतरून राह्यलं, मासोळी पान्यासंगं खाली येते. तोंड वर पायजे, वर! तुमचा सापळा मासोळीले पाठ दाखवून बसला हाय! माह्या चुलीवरची मासोळी उचलून हा मानूस रोज तुमच्या सापळ्यात टाकून राह्यला. ते रोहू त त्यानं नदीतून आणली होती! आन आठ रोज हा चामोर्शीले होता, तवा भेटलं का काही तुमाले?"

मी आठ रोज मोजले. बोटावर मोजले. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस! एसटीत बसवून देणाराही मीच!

"सोमा," मी म्हटलं, "अबे, पहिल्याच दिवशी सांगाचं ना!"

सोमा हळूच म्हणे, "तीस वर्सानं गावात आला तू. सापळा रिकामा पाहून मन नाई लागलं त परत वडश्याले जाशीन. आन तू किती खुश होता गा, मास्तर."

डोळे भरून आले. मी त्याले चोर म्हणून राह्यलो आन तो बापाची काठी सोडून द्याले तयार झाला. काऊन? त मास्तरची चूक चारचौघात निघू नये! आपल्याच्यानं हे झालं असतं का? सांगा ना! माह्याच्यानं त नसतं झालं.

मी बैठकीत दोन्ही कान धरले. म्हटलं, "भाऊ, जो दुसऱ्याच्या सापळ्यात मासोळी टाकते तो तलावातली कायले नेईन? काठी सोमालेच द्या." महादूभाऊनं काठी दिली. सोमानं ती कपाळाले लावली. वच्छला मात्र माह्याकडं डोळे वटारून पाहत होती. तिचं बरोबरच होतं.

संध्याकाळी मी कोणाले न इचारता सापळा फिरवला. तोंड वर! दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, सापळा हलवून पाहिला. चांगला जड! मंग मी काय केलं असन? आजूबाजूच्या बांधीतल्या सगळ्यायले हाका मारल्या. "या! पाहा! आता माही स्वतःची लागली!" दहा-बारा जण जमले. सोमाही आला, नवी काठी घेऊन. मी रुबाबात झाकण उघडलं, हात घातला आन बाहेर काढलं.

पळसाच्या पानायचा पुडा निघाला. दोरीनं बांधलेला. आत मरळ. खवले काढून, तुकडे करून, मीठ-हळद लावून!

सोमा गंभीर तोंड करून म्हणे, "मास्तर, तुह्या बांधीचं खत खरंच चांगलं हाय."

आन तुमाले खरं सांगू? मी पुडा खाली ठेवला आन आधी सापळ्याचं तोंड तपासलं, एवढा पुडा आत शिरला कसा ते पाहाले.